तीनमधलं एक खोटं

“खोटं बोलायचं? तेही स्वतःच्या घरात बसून?” नसीमआपा म्हणाली. “तौबा! मृण्मयी, तू शिकलेली पोर, आणि आम्हाला हे शिकवतेस?”

फोनच्या काचेवर आमचे चार चौकोन होते. एकात पुण्याची मृण्मयी, तिच्यामागे पुस्तकांचं कपाट. एकात मालेगावची नसीमआपा, शिलाई मशीनला कोपर टेकवून बसलेली. एकात मी, बार्शीच्या माझ्या घरात, ज्वारीच्या कणगीला पाठ लावून. चौथा चौकोन काळा, आणि त्यात नुसतं एक अक्षर, ‘ठ’. ती ठमाबाई. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, धरणाच्या पाण्याकाठी तिची वाडी होती. तिथे रेंज धड नसायची, म्हणून ती आपलं चित्र बंद ठेवायची. तिचा नुसता आवाज यायचा.

मृण्मयी सोडून आम्ही तिघी आपापल्या गावात मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवत होतो. आम्ही स्वतःही केस पिकायला लागल्यावर अक्षरं काढायला शिकलेल्या, म्हणून आमच्याकडे यायला बायांना लाज वाटत नसे. त्या वर्षी साथ आली, सगळी दारं बंद झाली आणि आमचे वर्ग थांबले. मग मृण्मयीच्या संस्थेनं दर मंगळवारी दुपारी फोनवर मीटिंग ठेवायला सुरुवात केली. मीटिंगचं काम सुरू व्हायच्या आधी ती प्रत्येकीला एक सवाल विचारायची. त्याला आइस ब्रेकर म्हणतात, असं तिनं पहिल्या दिवशी सांगितलं. म्हणजे माणसं अवघडून बसलेली असतात, बर्फासारखी, तो बर्फ फोडायचा.

“मालेगावच्या उन्हात बर्फ मिळाला तर मी तो खाईन,” आपा म्हणाली होती. “फोडून वाया कशाला घालवू?”

तेव्हापासून आम्ही त्याला पहिला सवाल म्हणायचो.

त्या मंगळवारी मृण्मयीनं सवालाऐवजी खेळ काढला. प्रत्येकीनं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या. दोन खऱ्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची.

“आपा बरोबर बोलतेय,” मी म्हणाले. “घरात बसून वाकडं बोलू नये. वास्तुपुरुष ऐकत असतो आणि तथास्तु म्हणतो. एखादीनं गंमत म्हणून सांगितलं, नवरा आजारी आहे, आणि तो खरंच पडला अंथरुणाला, तर?”

“मग चांगलं खोटं बोला, अक्का,” मृण्मयी हसली. “तथास्तु झालं तरी फायदाच.”

“हां, हे जमेल,” आपा म्हणाली. “मी सुरू करते. एक, मला मोटारसायकल चालवता येते. दोन, मी हज करून आले. तीन, माझ्या नवऱ्याला चहासुद्धा करता येत नाही.”

“मोटारसायकल खोटी!” मृण्मयी म्हणाली.

“हट्! कापडाचे गठ्ठे पोचवायला मीच जायची. नवरा मागे बसायचा, गठ्ठा धरून. हज राहिलंय माझं. ते खोटं.”

“तथास्तु,” मी म्हणाले.

“आमीन,” आपा म्हणाली आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

मग माझी पाळी. “मला चिंचेचं काही चालत नाही, दात आंबतात. दुसरं, मी पहिला ‘अ’ काढला तेव्हा मला नातू झालेला होता. तिसरं, माझ्या सुनेला माझं बोलणं फार गोड लागतं.”

“तिसरं!” दोघी एकदम ओरडल्या. स्वयंपाकघरातून माझी सून लता हसलेली मला ऐकू आली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

आता पाळी ठमाबाईची.

“ठमाबहेन, झोपलीस काय?” आपानं विचारलं.

“नाय. बोलते ना.” काळ्या चौकोनातून आवाज आला. “माझ्या दारात चिंच हाये, मोठी.” मग ती थांबली. “मला पवता येतं.” परत थांबली. या वेळी एवढी, की मला वाटलं रेंज गेली. “आन माझी लेक सुगंधा घरी हाये. आत भाकऱ्या थापती.”

“पोहणं!” मृण्मयी म्हणाली. “मावशी, तुम्ही लुगडं नेसून कुठे पोहणार? पोहणं खोटं.”

मलाही तसंच वाटलं. सुगंधाबद्दल शंका यायचं कारणच नव्हतं. पूर्वी आमचं पुण्याला शिबिर झालं तेव्हा ठमाबाई माझ्याच खोलीत होती आणि तिच्या तोंडी सारखी सुगंधाच. ठमाबाईला अक्षरं शिकवली ती या पोरीनं. चुलीपुढच्या राखेत काडीनं पहिलं ‘ठ’ काढून दिलं, आईचा हात धरून गिरवून घेतलं. म्हणून तर फोनवरच्या चौकोनात तिला आपलं ‘ठ’ पाहिजे होतं, फोटो नको होता.

“सांग ना, ठमाबहेन. कोणतं खोटं?”

“खोटं…” ठमाबाई म्हणाली, आणि ‘ठ’चा चौकोन काचेवरून गेला. रेंज तुटली होती.

“पोहणंच असणार,” मृण्मयी म्हणाली. मग आम्ही कामाकडे वळलो.

पुढच्या मंगळवारी सवाल होता, डोळे मिटा आणि आत्ता काय ऐकू येतंय ते सांगा.

आपा म्हणाली, “काहीच नाही. कापडाचे माग बंद आहेत सगळे. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून खडखडाट ऐकतेय. आता कानात नुसतं वारं भरल्यासारखं वाटतं.”

मी म्हणाले, “माझ्या सुनेची भांडी. आदळतेय. माझं काहीतरी चुकलेलं दिसतंय.”

ठमाबाई म्हणाली, “भाकरीचा आवाज.”

“सुगंधा करतेय ना?” मृण्मयीनं विचारलं.

“हा. सुगंधा.”

“ए सुगंधा!” मृण्मयीनं मोठ्यानं हाक मारली. “कशी आहेस गं?”

“सुगंधा बेटी, सलाम!” आपानं तिच्यापेक्षा मोठ्यानं हाक दिली.

मीही मागे राहिले नाही. “सुगंधाबाय, दोन भाकरी आमच्या वाट्याच्या ठेव गं.”

आणि मग तो मला ऐकू आला. फोनमधून, लांबून. थप्. थप्. थप्. ओल्या पिठावर तळवा पडतो तसा. हात हलका होता आणि लय पक्की होती. ज्या बाईला भाकरी येते तिला तो आवाज दुसऱ्या कशासारखा वाटत नाही.

“वळून बघितलं का तिनं?” मृण्मयीनं विचारलं.

“ऐकलं तिनं,” ठमाबाई म्हणाली. “तुमी हाक मारली ना, ती ऐकली तिनं.”

तिथून ती रीतच पडली. सवाल कोणताही असो, ठमाबाईच्या उत्तरात सुगंधा यायची. ती आली की आम्ही तिला हाका मारायचो. चार भिंतींत कोंडलेल्या आम्हाला एक तरणी पोर मिळाली होती. मृण्मयी तिला ‘आपल्या टीमची पाचवी’ म्हणायची. सुगंधानं स्वतः कधी ओ दिली नाही. लाजते, असं ठमाबाई सांगायची. थापण्याचा आवाज मात्र दर वेळी यायचा, आणि पहिल्यांदा जेवढा लांबून वाटला होता तेवढा लांबून आता येत नव्हता.

एकदा आपा म्हणाली, “ठमाबहेन, सुगंधाचं माप पाठव. माझ्याकडे छान फुलांचं कापड उरलंय, पोलकं शिवते तिला.”

“माप जुनंच हाये,” ठमाबाई म्हणाली. “शाळेत असताना शिवलेलं. तेच बसंल.”

“अगं, वाढली असेल ना पोर.”

“नाय वाढली.”

आपानं काचेतून माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं. त्या फोनवर कोण कुणाकडे बघतंय ते कधी कळत नाही.

आणि मग तो मंगळवार आला. सवाल साधा होता, गेल्या आठवड्यात काय चांगलं घडलं? ठमाबाई म्हणाली, “सुगंधा दारापतूर आली.”

“कुठून?” मृण्मयीनं विचारलं.

“पाण्यावरनं.”

“पाणी आणायला गेली असेल,” मृण्मयी म्हणाली आणि पुढे गेली.

मी पुढे गेले नाही. पाणी आणून पोर घरी आली, यात चांगलं घडण्यासारखं काय होतं? आणि नुसती दारापर्यंतच का आली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठमाबाईला फोन लावला. उचलला दुसऱ्याच बाईनं.

“मी तिची जाऊ, अंबू,” ती म्हणाली. “ठमा हितं नाय. पाण्यावर गेलीय.”

“मी बार्शीची सोजरबाई. तिच्यासोबत शिकवायला असते.”

“अक्का व्हय? तुमचं लय सांगती ती.”

“बरी आहे ना ती? आणि सुगंधा—”

“नाव घेऊ नका!” अंबू एवढ्या जोरात ओरडली, की मी फोन कानापासून लांब धरला. मग ती हळू आवाजात, घाईघाईनं बोलायला लागली. “घरात हाये मी तिच्या. हितं नाव घेऊ नका, बाई. थांबा, मी भाईर जाते.”

पावलांचा आवाज आला. कोंबड्या ओरडल्या. मग ती म्हणाली, “त्या पोरीला आसरांनी नेली. दोन पावसाळं झालं. जनावरं पाजायला गेली व्हती, पाय सरकला. कुणाला दिसली बी नाय. ठमा बाजारला गेली व्हती.”

माणसाला पाण्यात ओढणाऱ्या साती आसरांचं नाव माझ्या आईच्या तोंडून मी ऐकलेलं होतं.

“पाण्यानं नेलेल्या पोरीचं आमच्या वाडीत नाव घेत नाय, भाईर कुणाला सांगत बी नाय,” अंबू म्हणाली. “नाव घेऊन हाक मारली, की ती येती म्हणतात. ठमानं लय मारल्या हाका. पाण्याकाठी बसून नरडं फुटंस्तवर मारल्या. माणसांनी तोंडावर हात ठेवून घरी आणली. तवापासून ती गप्प झाली. आमाला वाटलं, झालं शांत. आन आता त्या फोनातनं…”

“आम्ही हाका मारतो,” मी म्हणाले.

“दर मंगळवारी. माझ्या घरापतूर येतो आवाज. मी लेकरांचं कान झाकते.”

“आम्हाला माहीत नव्हतं, अंबूबाई.”

“म्हणून तर तुमी हाक मारली. वाडीतलं कोण मारणार?” ती रडत होती. “अक्का, मला भुताचं भ्या नाय. मला ठमाचं भ्या हाये. तिला पवता येतं. माहेर नदीकाठचं तिचं, मासळीगत पवती. रोज सकाळी पाण्यात शिरती आन रोज जरा जास्त लांब जाती. परवा मधोमध गेली व्हती. मी काठावर उभी राहून वरडत व्हते. भाईर आल्यावर मला म्हणती, पोर दारापतूर येती, आत येत नाय. तिला आणाया मलाच जावं लागंल.”

माझ्या हातातला फोन गरम झाला होता.

“एक सांगा,” मी म्हणाले. “तिच्या घरात भाकऱ्या कोण करतं?”

“कोण करणार? चूल पेटत नाय तिथं. मी ताट देते दोन्ही टायमाला. नवरा मागंच वारला. ती एकलीच असती.”

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष नव्हतं. मृण्मयीला सांगावं, असं सारखं मनात यायचं. पण तिला सांगितलं असतं तर तिनं घाबरून मीटिंग बंद केली असती, किंवा ठमाबाईला फोन करून रडली असती. नुसत्या हाका थांबवल्यानं काय झालं असतं? ठमाबाईला वाटलं असतं, पोर दारात उभी आहे आणि बोलावणारे गप्प झाले. ती त्याच दिवशी पाण्यात गेली असती. हे मला जसं आता समोर लिहिलेलं दिसतंय तसंच तेव्हाही दिसत होतं.

सोमवारी मी मृण्मयीला म्हणाले, “उद्याचा पहिला सवाल मी विचारणार.”

“अरे वा, अक्का!” ती म्हणाली. “काय विचारणार?”

“ते उद्या कळेल.”

मंगळवारी चौकोन जमले. आपानं फुलांचं कापड मशीनवर पसरलं होतं, माप आलं नव्हतं तरी. ‘ठ’ आपल्या काळ्या चौकोनात आला. आवाज आधीपासूनच चालू होता. थप्. थप्. थप्.

“ठमा,” मी म्हणाले, “आज चित्र लाव.”

“रेंज जाईल, अक्का.”

“गेली तर गेली. लाव.”

‘ठ’ गेला आणि ठमाबाई दिसली. शिबिरानंतर पहिल्यांदाच मी तिला बघत होते. अर्धी झाली होती. केस ओले होते आणि पदरावर पाणी ठिपकत होतं. फोन तिनं कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि ती स्वतः समोर जमिनीवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर. तिच्यामागे आतल्या खोलीचं दार होतं, त्याला गोणपाटाचा पडदा.

थप्. थप्. थप्.

आपानं हातातली कात्री खाली ठेवली. “ठमाबहेन,” ती हळूच म्हणाली, “तू इथे बसलीस. मग आत—”

“सुगंधा,” ठमाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं. पोर पहिल्या नंबरनं पास झाल्यावर आईच्या चेहऱ्यावर येतं ते. “आज आत आलीया.”

मृण्मयीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं तोंड उघडलं, “सुगं—”

“मृण्मयी, थांब,” मी म्हणाले. “आज सवाल माझा आहे.”

ती थांबली. माझा आवाज असा आला होता, की माझी सूनही हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

“ठमा, त्या दिवशीचा डाव अर्धा राहिलाय. आपानं आपलं खोटं सांगितलं, मी माझं सांगितलं. तुझं सांगायचं राहिलं. रेंज गेली.”

“जाऊ द्या ना, अक्का. जुनं झालं ते.”

“डाव अर्धा ठेवू नये. तीन गोष्टी सांगितल्यास तू. दारात चिंच आहे?”

“हाये.”

“पोहता येतं?”

तिचे हात गुडघ्यांवर घट्ट झाले.

“ठमा, पोहता येतं?”

“येतं.” आणि ती फुटली. “येतं, अक्का! लहानपणापून येतं. त्या दिवशी मी बाजारला गेले व्हते. मीठ-मिरची आणाया. मी हितं असते तर… मला पवता येतं, अक्का!”

मृण्मयीचा हात तोंडावर गेला. तिला कळलं होतं. आपाचे ओठ आवाज न करता हलत होते.

आत थापणं चालूच होतं. ना जोर वाढला, ना कमी झाला. आपल्याबद्दल बाहेर कुणी बोलतंय हे आतल्या बाईला ठाऊक नसावं, तसं.

“मग खोटं कोणतं राहिलं?” मी विचारलं.

“मला नका बोलायला लावू. घरात बसून वाकडं बोलू नये, तुमीच म्हणलात.”

“हे वाकडं नाही. खरं आहे.”

“मी बोलले तर ती जाईल.”

“ती गेलीय, ठमा.”

“नाय! ऐका ना. ऐकू येत नाय का तुमाला?”

“येतंय,” मी म्हणाले. मी खोटं बोलले नाही. “मला ऐकू येतंय. आपाला येतंय. मृण्मयीला येतंय. तरी सांग.”

“तुमी बोला मग. तुमी थोरल्या.”

“डाव तुझा आहे. मी कशी बोलणार?”

ती वळली. गोणपाटाच्या पडद्याकडे बघत बसली. आम्हाला तिची पाठ दिसत होती, ओल्या पदराची. बराच वेळ नुसतं थापणं ऐकू येत होतं. मला वाटलं आता ती उठेल, सरळ आत जाईल, आणि आत जे आहे त्याच्याबरोबर बाहेर पडून पाण्याच्या वाटेला लागेल. मी इथे, बार्शीत, कणगीला टेकून बघत बसेन.

ती आमच्याकडे वळलीच नाही. पडद्याकडे तोंड करूनच म्हणाली, “माझी लेक घरी नाय.”

थप्.

पुढचा आला नाही.

आपानं डोळे मिटून घेतले. माझी सून माझ्या मागे केव्हा येऊन बसली, मला कळलं नाही. तिनं माझा दंड धरला होता.

ठमाबाई उठली. पडदा सारून आत गेली. तिच्या जागी नुसती सारवलेली जमीन आणि तिच्या ओल्या लुगड्याचा डाग दिसत होता. मृण्मयी कुजबुजली, “अक्का, कुणालातरी फोन करू का?” मी नको म्हणून मान हलवली. मला अंबूचा नंबरही ठाऊक नव्हता.

पडदा हलला. ठमाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत काठवट होती. ती तिनं फोनसमोर धरली. काठवटीत भाकरी होती, अर्धी थापलेली. एका बाजूनं पातळ झालेली, दुसऱ्या बाजूला जाड गोळाच. कडेला ओल्या बोटांचे ठसे उठले होते.

“अर्धीच राहिली,” ठमाबाई म्हणाली.

काठवट मांडीवर घेऊन ती परत फोनसमोर बसली.

“हिचं काय करू, अक्का? अशीच ठेवू?”

काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. डावाच्या पुढचा विचार मी केलाच नव्हता.

“चूल पेटव,” मी म्हणाले.

“आँ?”

“चूल पेटव. जेवढी थापलीय तेवढी भाज आणि खा. पोरीच्या हातची आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काठवट घेऊन आत गेली. पडदा तिनं वर खोचून ठेवला होता. कुणी फोन बंद केला नाही. आम्ही काटक्या मोडल्याचा आवाज ऐकला. मग फुंकणीचा. दोन पावसाळे थंड पडलेली चूल लवकर धरत नाही. ती फुंकत राहिली, खोकली, परत फुंकत राहिली. मग धूर त्या दारातून बाहेर आला आणि तिचा चौकोन पांढरा झाला.

ती भाकरी तिनं आमच्यासमोर बसून खाल्ली. कोरडीच. जाड बाजूला कच्ची राहिली होती, तीही खाल्ली. एक तुकडा चिंचेखाली ठेवून आली. मग म्हणाली, “मीठ विसरली. नेहमी विसरायची,” आणि त्यानंतर ती जी रडली, ती अंबू धावत येईपर्यंत रडत होती.

त्यानंतर ती पाण्यात गेली नाही, असं अंबूनं मला कळवलं. पुढे वाडीतल्या बाया तिच्याकडे परत शिकायला यायला लागल्या. पुढच्या मंगळवारी मृण्मयी सरळ कामाचं बोलायला लागली. ठमाबाईनंच तिला अडवलं. “पयला सवाल विचारा ना, ताई. राहिला तो.” मृण्मयीनं विचारलं, आज काय जेवलात? ठमाबाई म्हणाली, “भाकरी. मी केलेली.”

नंतर संस्थेनं त्या मीटिंगा बंद केल्या. साथ गेली आणि माणसं समोरासमोर भेटायला लागली. ठमाबाई आणि मी एका शिबिरात परत एका खोलीत राहिलो. निजताना तिनं एवढंच विचारलं, “अक्का, तिला राग आला असंल का?” मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं.

नसीमआपा हजला जाऊन आली. तिनं मला तिथलं पाणी आणि खजूर पाठवले. खजूर हातात घेतले तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी घरात बसून आम्ही तिघी तीन खोट्या गोष्टी बोललो होतो. सगळ्या चांगल्या. आणि तिघींपैकी एकीलाच मी आपलं खोटं परत घ्यायला लावलं होतं.

हे सगळं मी आता लिहिते आहे तेव्हा संध्याकाळ होत आलीय. आत लता भाकऱ्या करतेय. थापता थापता मधेच हात थांबतो, कारण भाकरी उचलून तव्यावर टाकावी लागते, हे मला जन्मभर ठाऊक आहे. तरी तो थांबला, की माझा श्वास थांबतो. पुढचा थप् येईपर्यंत मी दाराकडे बघत राहते.

“आई,” ती आतून म्हणते, “गप्प का झालात? बोला की काहीतरी. तुम्ही बोलत असलात की बरं वाटतं मला.”

“तू थाप आधी,” मी म्हणते. “थाप. मग बोलते.”